लिडिया स्कोब्लिकोवा कोण होती? सहावीतल्या पोरीचं शुक्रवारी भाषण आहे, माहिती असेल तर सांगा

हर्षूची_मम्मी (भुसावळ)

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच इथे लिहून राहिली, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी हर्षू सहावीत आहे. तीन वर्षांपासून स्केटिंग करते, आधी क्वॉड होते, ते दोन चाकं पुढे दोन मागे वाले, मागच्या दिवाळीला तिच्या पप्पांनी बोनस आला तेव्हा इनलाइन, म्हणजे सगळी चाकं एका रांगेत वाले, घेऊन दिले. रोज सकाळी साडेपाचला उठते, मला उठवते, साडेसातनंतर रस्त्यावर गाड्या सुरू होतात आणि एप्रिल-मे मध्ये तर आठ वाजताच डांबर तापतं त्यामुळे जे काय ते त्याआधीच उरकायचं.

तर शुक्रवारी तिच्या शाळेत "माझी आवडती खेळाडू" यावर पाच मिनिटं बोलायचंय. वर्गातल्या सगळ्यांनी क्रिकेटवाले घेतलेत. हर्षू म्हणते मी स्केटिंगवालीच घेणार. आता स्केटिंगवाली कोण, तर तिच्या मामाचं एक जुनं सामान्यज्ञानाचं पुस्तक आहे त्यात एक प्रश्न आहे, १९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदकं कोणी जिंकली, उत्तर लिडिया स्कोब्लिकोवा, सोव्हिएत युनियन, स्पीड स्केटिंग. बस्स. एक ओळ. दोन दिवस झाले पोरगी ते पुस्तक घेऊन फिरून राहिली. मम्मी ही कोण होती, किती वर्षांची होती, चार कशी काय जिंकली. मराठीत शोधलं तर काहीच सापडत नाही.

अजून एक गोष्ट आहे जी मलाच विचारायचीये. तिच्या क्लासमध्ये आता मोठ्या मुलांना ठरवायला सांगतात की तू शॉर्ट (कमी अंतराच्या शर्यती) पळणार का लाँग (लांब पल्ल्याच्या). हर्षूला दोन्ही आवडतं. ती मला विचारते दोन्ही केलं तर काय होतं? मला काय माहीत. ह्या बाईने चार मेडल घेतली म्हणजे चार वेगवेगळ्या अंतरांत घेतली का? आणि तिसरं म्हणजे तो बर्फावरचा खेळ ना, आपण इथे भुसावळला, ४५-४६ डिग्रीत राहणारे. चाकावरची पोरगी बर्फावर जाऊ शकते का, असं कोणी केलंय का?

सासूबाईंचं वेगळंच, त्या रोज सकाळी दारात उभ्या राहून हिच्या पप्पांना म्हणतात "पोरना पायले चाकं बांधीसन तिले कथा धाडी ऱ्हायना रे तू?" (पोरीच्या पायाला चाकं बांधून तिला कुठे पाठवतोयस तू?) रागावून नाही म्हणत, काळजीनेच म्हणतात, मागे एकदा कोपर फुटलं होतं तिचं.

कोणाला काहीही माहिती असेल तर लिहा प्लीज, पोरीला समजेल असं.

---

अमळनेरचा_पीटीमास्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, आता निवृत्त आहे. स्कोब्लिकोवाचं नाव मराठीत कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. आमच्या तरुणपणी रशियाची मराठीत छापलेली मासिकं यायची, चकचकीत कागदाची, पोरं वह्यांना कव्हर घालायला वापरायची, त्यामुळे तिकडच्या खेळाडूंची ओढ तेव्हापासून लागली आणि पुढे जे मिळेल ते वाचत गेलो.

हर्षूला सांगा, लिडियाचा जन्म ८ मार्च १९३९ चा. महिला दिनाचा. गाव झ्लातोउस्त, उरल पर्वतातलं, पोलादासाठी आणि तलवारींसाठी प्रसिद्ध असलेलं. म्हणजे मॉस्कोची नाही, कारखान्यांच्या गावातली पोरगी. सुरुवातीला ती बर्फावरून लांब पल्ल्याचं स्कीइंग करायची, मग स्केटिंगकडे आली. शिक्षण चेल्याबिन्स्कला, शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेत. पुढे तिला "उरलची वीज" म्हणायला लागले. आणि तुम्ही भुसावळच्या आहात म्हणून हे मुद्दाम सांगतो, ती नंतर ज्या क्रीडा संस्थेतून खेळायची तिचं नाव लोकोमोटिव. रेल्वे कामगारांची संस्था. रेल्वेवाल्यांच्या मैदानावरून खेळाडू तयार होणं हे भुसावळकरांना वेगळं सांगायला नको.

आता मोठी गोष्ट. बायकांचं स्पीड स्केटिंग ऑलिम्पिकमध्ये होतंच कुठे? पुरुषांचं १९२४ पासून, म्हणजे पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून होतं. बायकांना १९३२ ला लेक प्लॅसिडला फक्त प्रदर्शनीय म्हणून पळवलं, पदकतक्त्यात धरलं नाही. त्यानंतर २८ वर्षं काहीच नाही. नॉर्वेची लायला शू निल्सन म्हणून एक बाई होती, त्या काळात जागतिक विक्रम तिच्या नावावर होते, पण १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांचं स्केटिंगच नव्हतं. मग ती स्कीइंगमध्ये उतरली आणि तिथे ब्राँझ घेऊन आली! ज्या खेळात ती जगात सगळ्यात वेगवान त्यात तिला उभंच राहू दिलं नाही. हे मला आजही खुपतं. माझ्या शाळेत मैदान एकच होतं आणि ते मुलांना आधी मिळायचं, मुली कडेला लिंबाच्या झाडाखाली बसून वाट बघायच्या, तो वेळापत्रकाचा कागद बदलून घ्यायला मला बरीच वर्षं लागली.

तर १९६० ला, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅलीला पहिल्यांदा बायकांच्या चार शर्यती पदकासाठी आल्या. ५००, १०००, १५०० आणि ३००० मीटर. बायकांमधलं पहिलंवहिलं सुवर्ण जर्मनीच्या हेल्गा हासेने घेतलं, ५०० ला. लिडिया तेव्हा २० वर्षांची. २१ फेब्रुवारीला १५०० जिंकली, २ मिनिटं २५.२ सेकंद, जागतिक विक्रम. दुसऱ्या दिवशी १००० ला चौथी आली. अर्ध्या सेकंदाने ब्राँझ हुकलं. आणि त्याच्या पुढच्या दिवशी, २३ तारखेला, ३००० मीटर जिंकली. म्हणजे तीन दिवसात सोनं, चौथा नंबर, सोनं.

एक राहिलं. त्याच १००० मीटरमध्ये पोलंडची एल्विरा सेरोचिन्स्का सगळ्यांच्या पुढचा वेळ काढत होती आणि शेवटचे साधारण शंभर मीटर उरले असताना पडली. आदल्या दिवशी तिने १५०० ला रौप्य घेतलेलं. हर्षूच्या कोपराची गोष्ट वाचून तिची आठवण झाली.

मग १९६३, जपानमध्ये करुइझावाला जागतिक स्पर्धा. तिथे चारही अंतरं लिडियाने जिंकली. आणि १९६४ ला ऑस्ट्रियात इन्सब्रुक. ३० जानेवारीला ५०० मीटर, ४५.० सेकंद. ३१ ला १५००, २ मिनिटं २२.६. १ फेब्रुवारीला १०००, १ मिनिट ३३.२. २ फेब्रुवारीला ३०००, ५ मिनिटं १४.९. चार दिवस, चार शर्यती, चारही सुवर्ण. एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्ण जिंकणारी ती पहिली, बायकांमध्ये पहिली नाही, बाई असो की पुरुष, सगळ्यांमध्ये पहिली. हे वाक्य हर्षूला भाषणात जोरात म्हणायला सांगा. वय तेव्हा २४.

आणि हो ताई, चारही वेगवेगळी अंतरं. हर्षूच्या प्रश्नाचं हे उत्तर. आकडेमोड करून बघितली, ५०० मीटर ४५ सेकंदात म्हणजे बरोबर ताशी ४० किलोमीटर. ३००० ला ताशी ३४ च्या वर. सहापट अंतर वाढलं आणि वेग सहा किलोमीटरनेच उतरला. धावण्यात असं होत नाही, १०० मीटरवाला १५०० पळत नाही. बर्फावर घर्षण कमी, बुटाखालच्या पात्यावर एकदा वजन नीट टाकलं की शरीर सरकत राहतं, म्हणून तंत्र पक्कं असलेला माणूस लांब अंतरातही वेग टिकवू शकतो. पण तरीही पायात स्फोट आणि छातीत दम दोन्ही एकाच माणसात असणं दुर्मिळच.

---

तापीकाठ_सावदा

सरांनी सगळंच सांगितलं, मी फक्त थोडं जोडतो. मी सावद्याचा, घरची केळीची बाग, पण कंपनीच्या कामाने दोन वर्षं नेदरलँड्सला होतो आणि तिथे हेरेनवेन नावाच्या गावात थियाल्फ म्हणून बंदिस्त बर्फाचा ट्रॅक आहे तिथे एकदा मित्र घेऊन गेला. भाऊ काय सांगू, आपल्याकडे बैलांच्या शर्यतीला जसं सगळं गाव लोटतं तसं तिकडे स्केटिंगला, म्हातारे माणसं वहीत एकेकाच्या लॅपचा टाइम लिहून राहिले होते.

हर्षूला खेळ कसा असतो ते माहीत पाहिजे म्हणून सांगतो कारण रोलरपेक्षा वेगळा आहे. ट्रॅक ४०० मीटरचा, लांबुळका. लेन दोनच. एका वेळी दोघीच पळतात, एक आत एक बाहेर. आतलीचं वळण छोटं पडतं म्हणून प्रत्येक फेरीत समोरच्या सरळ भागात दोघी लेन बदलतात, आतली बाहेर येते बाहेरची आत जाते, म्हणजे हिशोब सारखा. आणि जिंकणं हे शेजारच्या बाईला हरवून नाही, घड्याळाला हरवून. सगळ्या जोड्या पळून झाल्या की सगळ्यात कमी वेळ कोणाचा ते बघायचं. म्हणजे तुमच्या बरोबरची खूप मागे असली तरी तुम्हाला तोडीस तोड कोणी नाही म्हणून सैल पडायचं नाही, एकटीनेच स्वतःला ओढायचं. ३००० मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या असं एकटीने ओढत न्यायचे. मला ते बघताना अंगावर काटा आला होता.

पातं साधारण एक मिलिमीटर जाडीचं असतं आणि ४० सेंटीमीटरच्या आसपास लांब. आताच्या बुटात टाच पात्यापासून सुटते, क्लॅप स्केट म्हणतात, फेरीला टप टप टप आवाज येतो. ते १९९६-९७ च्या हंगामात डच बायकांनी आधी वापरलं, मग सगळ्यांनी. लिडियाच्या वेळी पातं बुटाला घट्ट जोडलेलं असायचं, म्हणजे पाय पूर्ण ताणून शेवटचा धक्का द्यायला गेलं की टोक बर्फात रुततं, त्यामुळे तो शेवटचा धक्का अर्धवटच सोडून द्यावा लागायचा. आजचे टाइम आणि तिचे टाइम शेजारी ठेवून कोणी म्हटलं की ती हळू होती तर हे सांगायचं.

हवामानाचं पण आहे. स्क्वॉ व्हॅली उंचावर आहे, हवा विरळ, अंगावर येणारा वारा कमी लागतो, आणि ऑलिम्पिकच्या स्पीड स्केटिंगला मशीनने गोठवलेला बर्फ तिथेच पहिल्यांदा वापरला. इन्सब्रुक त्या मानाने खूप खाली. १९६४ ला तर तिथे हिवाळा इतका कोरडा गेला की बर्फच पडेना, ऑस्ट्रियाच्या सैन्याने डोंगरावरून बर्फ वाहून आणून स्कीइंगच्या उतारांवर टाकला. तरी तिने १५०० ला स्वतःच्या १९६० च्या टाइमपेक्षा अडीच सेकंदांहून जास्त कमी केले.

आणि त्या शेवटच्या ३००० मध्ये अजून एक मोठी गोष्ट झाली ती हर्षूने जरूर सांगावी. दुसऱ्या नंबरला दोघी बरोबरीत आल्या, एक रशियाचीच वालेंतिना स्तेनिना आणि दुसरी उत्तर कोरियाची हान पिल-ह्वा. दोघींना रौप्य. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदक जिंकणारी ती आशियातली पहिली बाई.

एकूण सुवर्णांचं म्हणाल तर १९६० ची दोन आणि १९६४ ची चार मिळून लिडियाची सहा होतात, सगळी एकटीच्या शर्यतींची. स्पीड स्केटिंगमध्ये तिची बरोबरी व्हायला २०२२ उजाडलं, नेदरलँड्सच्या इरेन वुस्टने सहावं घेतलं, पण तिची सहा पाच ऑलिम्पिकमधली आहेत.

---

हर्षूची_मम्मी (भुसावळ)

सर, दादा, तुमचे खूप खूप आभार, मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं तिला. सासूबाई पण बाजूला बसून मेथी निवडत होत्या आणि ऐकत होत्या. रेल्वेवाल्यांची संस्था म्हटल्यावर हिच्या पप्पांनी टीव्ही बंद केला.

हर्षू म्हणते, चौथा नंबर आला तेव्हा दुसऱ्या दिवशी ती कशी काय उठली? म्हणजे तिला खरंच जाणून घ्यायचंय. मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत ही पण चौथी आली होती आणि दोन दिवस बोलली नव्हती कोणाशी, आठ दिवस स्केट्सच्या बॅगेला हात लावला नाही.

आणि पुढे काय झालं लिडियाचं?

---

अमळनेरचा_पीटीमास्तर

हर्षू बेटा, तिच्या मनात त्या रात्री काय होतं ते आपण कसं सांगणार, पण आकडे बोलतात ते सांगतो. २२ फेब्रुवारी १९६० ला १००० मीटर तिने १ मिनिट ३५.३ ला संपवले, तिसरी आली तिचा वेळ १ मिनिट ३४.८. चार वर्षांनी त्याच १००० मीटरला तिचा वेळ १ मिनिट ३३.२. म्हणजे दोन सेकंदांहून जास्त काढून टाकले. दोन सेकंद म्हणजे त्या वेगात वीस मीटर पुढे. आणि ३००० च्या आदल्या दिवशी हरलेली असूनही पुढच्या सकाळी अडीच सेकंदांच्या फरकाने जिंकली. माझं मत विचारशील तर, पुढच्या दिवशी शर्यत होती हेच तिचं भाग्य. रुसायला वेळच नव्हता.

पुढचं असं. १९६४ ला इन्सब्रुकनंतर स्वीडनमध्ये जागतिक स्पर्धा झाली, तिथे पुन्हा चारही अंतरं तिनेच जिंकली. सलग दोन वर्षं चारपैकी चार. १९६८ ला ग्रेनोबलला परत उतरली पण पदक मिळालं नाही. २०१४ ला सोचीचं हिवाळी ऑलिम्पिक झालं तेव्हा उद्घाटनाला ऑलिम्पिकचा ध्वज धरून जे आठ जण चालत आले त्यात ती होती, पंचाहत्तरी जवळ आलेली. यूट्यूबवर असेल, हर्षूला दाखवा.

एक नाव मात्र मी मुद्दाम घेतो, भाषणात नसलं तरी चालेल, मोठ्यांसाठी लिहितो. लिडियाच्याच संघात इंगा आर्तामोनोव्हा होती, चार वेळा जगज्जेती, १९५७, ५८, ६२ आणि ६५. आजारपणामुळे दोन्ही ऑलिम्पिक तिचे हुकले. आणि जानेवारी १९६६ मध्ये नवऱ्याने तिचा खून केला. वय २९. लिडियाचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तरी आलं, इंगाचं तेही नाही. मुलींना मैदानावर पाठवतो तसं घरी आल्यावर त्या सुखात आहेत का हेही बघितलं पाहिजे, मी शिक्षक म्हणून हे फार उशिरा शिकलो.

---

इनलाइनवाली_धुळे

हाय ताई! मी धुळ्याची, दहा वर्षं इनलाइन केलंय, राज्य पातळीपर्यंत खेळलेय, आता लहान पोरांना शिकवते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहिते. चाकावरून बर्फावर जाता येतं का, तर हो!! आणि हर्षूला एरिन जॅक्सनबद्दल सांगाच.

एरिन अमेरिकेतल्या फ्लोरिडाची, ओकाला नावाचं गाव. फ्लोरिडा म्हणजे गरम, दमट, तिकडे तळं गोठायचा प्रश्नच नाही. ती लहानपणापासून इनलाइन करायची, त्याच गावात एका कोच बाईंकडे, आणि त्या एका कोचच्या हाताखालून तिघं जण ऑलिम्पिकला गेले बर्फावर, एरिन, ब्रिटनी बो आणि जोई मँटिया. तिघंही चाकावरचे! एरिनने कॉलेजमध्ये मटेरियल सायन्सचं इंजिनिअरिंग पण केलं, म्हणजे जे म्हणतात खेळात राहिली तर अभ्यास जाईल त्यांना हे सांगा. बर्फावर तिने पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा तेविशी-चोविशीची होती आणि २०१८ च्या ऑलिम्पिक संघात निवड झाली तेव्हा बर्फावरचा सराव जेमतेम चार महिन्यांचा होता. तिथे २४ वी आली. तरी थांबली नाही.

मग २०२२. त्या हंगामात ५०० मीटरमध्ये ती जगात एक नंबर होती. आणि जानेवारीत अमेरिकेच्या निवड चाचणीत तिचा पाय घसरला, पडली नाही पण लय गेली आणि तिसरी आली. जागा दोनच. संपलं. पहिली आली होती ब्रिटनी बो, तिच्याच गावची, तिच्याच जुन्या क्लासची. ब्रिटनीने स्वतःची ५०० ची जागा सोडून एरिनला दिली. मी हे लिहिताना पण भरून येतं मला. (नंतर अमेरिकेला अजून एक जागा मिळाली म्हणून ब्रिटनी पण ५०० पळली, आणि १००० मध्ये तिने ब्राँझ घेतलं.) १३ फेब्रुवारीला बीजिंगमध्ये एरिनने ३७.०४ सेकंदात सुवर्ण घेतलं, दुसरी आलेली जपानची मिहो ताकागी ३७.१२, फरक फक्त ०.०८. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय बाई. सरांचा हिशोब पुढे नेते, लिडियाचा वेग ताशी ४०, एरिनचा साडेअठ्ठेचाळीस.

आता तंत्राचं. इनलाइन आणि बर्फ, दोन्हीत बसण्याची पद्धत तीच, गुडघे वाकलेले, पाठ जमिनीला जवळपास समांतर, धक्का मागे नाही तर बाजूला. वळणावरचा क्रॉसओव्हर तोच, उजवा पाय डाव्यावरून, कारण दोन्हीकडे डावीकडेच वळायचं असतं. म्हणून जमतं. फरक कुठे, तर चाकाला डांबर पकडून ठेवतं आणि पातं पकडत नाही, नीट कडेवर उभं राहिलं नाही की गेलंच. एरिनला पण तेच शिकायला वेळ लागला. मी स्वतः एकदाच बर्फावर उतरलेय, मॉलमधल्या छोट्या रिंकवर, पहिली वीस मिनिटं कठडा सोडला नव्हता, दहा वर्षांची इनलाइनवाली असून.

भारतात बर्फ कुठे तर लडाखला थंडीत तळी गोठतात, लेहला खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये आइस स्केटिंग होतं, आणि डेहराडूनला बंदिस्त रिंक आहे २०११ मध्ये बांधलेलं, मधे बरीच वर्षं बंद होतं, २०२५ ला परत तिथे आशियाई पातळीची शॉर्ट ट्रॅक (छोट्या रिंकवरच्या बर्फाच्या स्केटिंगची) स्पर्धा झाली. म्हणजे रस्ता लांब आहे पण आहे.

पण ताई बर्फाशिवाय पण रस्ता आहे बरं का. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत आपल्या चार मुलींनी ३००० मीटर रोलर रिलेत ब्राँझ घेतलं, संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू आणि आरती कस्तुरी राज. चाकांवर!! आपल्याच देशाच्या, आपल्यासारख्याच रस्त्यांवर सराव करून.

शॉर्ट का लाँग याबद्दल माझं स्पष्ट मत, अकरा वर्षांच्या पोरीला काहीही ठरवायला लावू नका. माझ्याकडून बाराव्या वर्षी ठरवून घेतलं होतं, शॉर्ट, आणि तेवढंच करवून घेतलं, पंधराव्या वर्षी कळलं की माझा दम लांब पल्ल्याचा होता. ते तीन वर्षं मला अजून सलतात. हर्षूला दोन्ही पळू द्या, कोच काही म्हणाले तर शांतपणे सांगा की अजून दोन वर्षं दोन्ही.

आणि एल्बो गार्ड. कोपर फुटलंय म्हणता तर एल्बो गार्ड शिवाय एक दिवस पण नाही. हेल्मेट तर आहेच.

---

शिरपूरची_माय

मला स्केटिंगमधलं काही कळत नाही पण सगळं वाचून काढलं. ताई तुमच्या सासूबाईंना सांगा माझी आई पण असंच म्हणायची, मी सायकल शिकले तेव्हा. पाय मोडशील, लग्न कसं होईल. मी त्याच सायकलवर रोज सात किलोमीटर जाऊन बारावी केली आणि नंतर आईला दवाखान्यात पण त्याच सायकलवर डबलसीट नेलं. हर्षूचं भाषण झालं की इथे सांगा कसं झालं ते, वाट बघतेय.

---

हर्षूची_मम्मी (भुसावळ)

सगळ्यांना परत नमस्कार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. धुळ्याच्या ताई, कोचशी आज बोलले, तुम्ही सांगितलं तसंच बोलले, ते म्हणाले ठीक आहे, ह्या हंगामात दोन्हीत नाव टाकू.

भाषण लिडियावरच ठरलं, शेवटी एरिनची दोन वाक्यं. मला वाटलं सुरुवात चार सुवर्णांपासून करेल, पण हर्षूने पहिलं वाक्य लिहिलंय, "२२ फेब्रुवारी १९६० रोजी लिडिया स्कोब्लिकोवा चौथी आली." मी म्हटलं अगं आधी जिंकल्याचं सांग. तर म्हणते नाही, मला हेच आधी सांगायचंय. मी पुढे काही बोलले नाही.

काल संध्याकाळी तिने गच्चीवर खडूने तो ट्रॅक काढला, दोन लेन, मधला लेन बदलायचा भाग वेगळ्या रंगाने. दोन बाटल्यांची झाकणं घेतली, एक लाल एक निळं, आणि आजीला बसवून दाखवत होती की आतली अशी बाहेर येते, बाहेरची अशी आत जाते. सासूबाईंनी पूर्ण बघितलं आणि विचारलं, "मंग त्या दोन्हीसनी टक्कर नही व्हस का?"

हर्षूला उत्तर आलं नाही. आता दोघी मागे लागल्यात माझ्या. सावद्याच्या दादा, सांगाल का?

---

तापीकाठ_सावदा

आजींनी बरोबर जागी बोट ठेवलं. नियम असा आहे की दोघी एकदम त्या बदलायच्या जागी आल्या तर बाहेरच्या लेनमधून आत येणारीला आधी वाट द्यायची. आतून बाहेर जाणारीने थांबायचं किंवा मागून जायचं, आणि तिच्यामुळे अडथळा आला तर तिला बाद करतात. हर्षूला सांगा लाल झाकण बाहेर असेल तर लाल आधी.